पेशंटची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी लोक एकमेकांचे पाय ओढतात ती नव्हे हं! माझ्यात कुणी हौसेने बसत नाही. मी होमिओपॅथीच्या दवाखान्यातली पेशंटची खुर्ची. चौतीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी ऐकून कान किटले माझे. आज माझं दुखणं तुम्ही ऐका.

मला बनवणाऱ्या सुताराला डॉक्टरांनी अगदी भंडावून सोडलं होतं. शाळेत रसायनशास्त्र शिकवायची पक्की नोकरी सोडून, घरच्यांची बोलणी खाऊन, वयाच्या तिशीत ते पुन्हा विद्यार्थी झाले होते. होमिओपॅथी शिकले आणि पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला. सुताराला म्हणाले, "हात चांगले रुंद ठेवा. रडताना माणसाला टेकायला काहीतरी लागतं."

"साहेब, दवाखाना काढताय की रडायचं दुकान?" सुतार हसला. पण हात त्याने रुंद केले.

डॉक्टरांनी मला टेबलाच्या बाजूला, तिरकी ठेवली. समोर बसलेला माणूस नुसती उत्तरं देतो, बाजूला बसलेला बोलतो, असं त्यांचं म्हणणं. पहिली पंधरा मिनिटं ते एक प्रश्न विचारायचे नाहीत. पेशंट बोलेल ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवायचे. "डोक्यात कुणी खिळे ठोकतंय" म्हटलं तर तस्संच लिहायचं, "डोकेदुखी" नाही. मग लक्षणांच्या जाडजूड कोशात डोकं खुपसायचं आणि एकच औषध, एकच मात्रा द्यायची. त्यानंतर महिनाभर थांबायचं. "आधी थोडं वाढतं, मग उतरतं. वाढलं तर घाबरू नका, औषध लागू पडलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर शनिवारी वर्ग भरायचा. विद्यार्थी दाटीवाटीने सतरंजीवर बसायचे आणि हेच शिकायचे.

डॉक्टरांच्या बायकोला सगळे विद्यार्थी वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. पुड्या बांधणं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, उतावळ्या पेशंटची समजूत घालणं, सगळं त्यांच्याकडे. जाता-येता माझ्यावर फडका मारायच्या, पण बसायच्या मात्र कधी नाहीत. नवऱ्याला काही सांगायचं असलं की दारात उभं राहून सांगायच्या.

गेल्या वर्षी अशाच दारातून म्हणाल्या, "अहो, हल्ली जिना चढताना धाप लागते."

डॉक्टर व्याख्यानाची टिपणं काढत होते. वर न बघताच म्हणाले, "लिहितो हं तुझा पेपर. तुला काय विचारायचंय? चौतीस वर्षं बघतोय मी तुला." आणि खरंच, त्यांनी एकट्यानेच पेपर भरला. सोशिक. कमी बोलणारी. मनात ठेवणारी. मी शेजारी रिकामी होते. अहो, बसवा ना तिला, असं ओरडावंसं वाटलं मला. पण लाकडाला कुठला आलाय आवाज!

एक मात्रा दिली. दहा दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "धाप वाढलीय."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "वा! लागलं म्हणजे औषध."

वहिनींनी मान डोलावली. हजारो लोकांना त्यांनी स्वतःच हे समजावलं होतं, आता कुठल्या तोंडाने घाबरणार? दुसऱ्या कुणाची बायको असती तर डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं असतं. तसं धाडताना मी त्यांना कितीदा पाहिलंय.

एका दुपारी डॉक्टर व्याख्यानाला गेले होते. वहिनींनी दार लोटलं आणि पहिल्यांदाच माझ्यात बसल्या. अंगाने अगदीच हलक्या झाल्या होत्या. माझे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले आणि डॉक्टरांच्या मोकळ्या खुर्चीकडे बघून बोलायला लागल्या.

"आडवं झालं की घुसमटतं हो. रात्रभर भिंतीला टेकून बसते. पाय सुजलेत, म्हणून जुन्या, सैल चपला घालते, तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून. तुमचं औषध चुकलं असं माझ्या तोंडून कसं निघायचं? पण भीती वाटते मला. खूप भीती वाटते." त्या रडल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "जाऊ दे. महिना भरायला आठ दिवस राहिलेत. तेव्हा सांगेन."

महिना भरलाच नाही. सहाव्या दिवशी त्या जिन्यातच कोसळल्या. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी म्हणे एवढंच विचारलं, "इतके दिवस कुणी पाहिलंच नाही का यांना?"

परवा डॉक्टरांनी शेवटचा वर्ग घेतला. "आजची केस. बाई, वय एकसष्ट. चूक सांगा," म्हणाले आणि तो पेपर वाचला. एक विद्यार्थिनी चाचरत बोलली, "सर, यात त्यांचा स्वतःचा एकही शब्द नाही. सगळे तुमचेच आहेत."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेपर मिटला. मग म्हणाले, "ती काही बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. तिला काय होत होतं ते आता मला कधीच कळायचं नाही."

मला ठाऊक आहे हो. शब्द न् शब्द ठाऊक आहे. ते ऐकून त्यांचा जीव हलका होईल की ते पार कोसळतील, देव जाणे. माझाच जीव नुसता तुटतो. दवाखाना आता बंद झालाय, आणि त्याच विद्यार्थिनीने मला तिच्या दवाखान्यासाठी मागून घेतलंय. उद्या टेम्पो येईल.

येते मी, डॉक्टर. तब्येतीला जपा. वहिनी बोलल्या नाहीत असं मात्र म्हणू नका. चांगला पाऊण तास बोलल्या. तुम्ही तेव्हा मुलांना शिकवायला गेला होतात, पेशंटचं कसं ऐकावं ते.