एका स्विचला दोन साडू

त्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणजे ते एकमेकांचे साडू. थोरला वायरमन होता. हात सोन्याचे, पण डोकं लगेच तापायचं, म्हणून सासरी त्याला सगळे फ्यूज म्हणत. धाकटा ऑफिसांमधून कॉम्प्युटरची नेटवर्कं जोडून द्यायचा. त्याचं नाव वायफाय पडलं होतं, कारण तो घरात असायचा, पण कामाच्या वेळी सापडायचा नाही.

दोघांचं बोलणं बंद होतं, तेही सासऱ्यांच्या पंचाहत्तरीपासून. त्या दिवशी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर जुने फोटो दाखवायची जबाबदारी वायफायनं घेतली होती. त्यानं प्रोजेक्टर, माइक, स्पीकर आणि वर चहाचा बंबही एकाच एक्स्टेन्शनला लावला, आणि सासरे दोन शब्द बोलायला उभे राहताच हॉलमध्ये अंधार झाला. फ्यूजनं स्टुलावर चढून लाइट आणली, पण खाली उतरायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की या माणसाला नुसते प्लग खोचता येतात. वायफायही गप्प बसला नाही. शिडीवर चढून दोन तारा पिळायला कुठं डोकं लागतं, असं त्यानं तिथल्या तिथं सुनावलं. त्यावर गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. भांडण एवढंच, पण ते हसणं फ्यूजच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून एका पंगतीला बसले तरी मिठाची वाटी तिसऱ्याच्या हातून जायची.

बायकांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला छबी. दोघी रोज फोनवर बोलत आणि नवऱ्यांचं हसू करत.

गावातल्या मोठ्या ग्रंथालयानं नवा स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं आणि हे दोघे एका खोलीत सापडले. पुस्तकांची नोंद, देवघेवीचे काउंटर, वाचकांचे कॉम्प्युटर, टेबलांवरचे फोन, असं सगळं तळघरातल्या एका जुन्या स्विचवर चाललं होतं, आणि तो हल्ली वरचेवर रुसायचा. ग्रंथपालबाईंना नवा स्विच कसा असतो हे वायफायनं हात हलवून हलवून समजावलं होतं. एक मोठी लोखंडी पेटी, तिच्यात खाचा. एकेका खाचेत एकेक कार्ड सरकवायचं, कार्डाला केबली जोडायच्या. उद्या जोडण्या वाढल्या तर आणखी एक कार्ड घालायचं, एखादं बिघडलं तर तेवढंच काढायचं, बाकीच्यांना धक्का नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कपाट." वायफायला ते आवडलं नाही, पण नाही म्हणता येईना.

विजेचं काम बाईंनी नेहमीच्या वायरमनला सांगितलं. तो कोण, हा कोण, त्यांना काय ठाऊक. ग्रंथालयाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघे साडू आपापल्या पिशव्या घेऊन तळघराच्या दारात समोरासमोर आले. आधी तुम्ही, असं म्हणायची पंचाईत, म्हणून दोघे एकदमच आत शिरले आणि दारात अडकले.

खोली लहान होती. मधोमध माणसापेक्षा उंच रॅक, त्यात जुना स्विच, भिंतीवर फोन, कोपऱ्यात खोकी. मोबाइलला तिथं रेंज नव्हती. वायफायनं खोकं उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की नव्या पेटीच्या पॉवर केबलींना जाड पिना आहेत, आणि फ्यूजनं आदल्या आठवड्यात बसवून ठेवलेली सॉकेटं साधी आहेत. चूक फ्यूजची नव्हती. बाईंनी त्याला दिलेल्या नकाशात तसंच होतं, आणि नकाशा वायफायनं काढला होता. शिवाय पेटीला पॉवरचे दोन मॉड्यूल होते, एक बंद पडला तर दुसऱ्यानं चालवून न्यायचं. म्हणजे दोन्हींना वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून हवी, एकाला मेन लाइनची आणि दुसऱ्याला यूपीएसची.

हे साडूला सांगायचं कसं? फ्यूज चार हातांवर पाठ करून वायर सोलत होता. वायफायनं थोडा विचार केला, भिंतीवरचा फोन उचलला आणि बायकोला लावला. तिला म्हणाला की ताईच्या नवऱ्याला कळव, जाड पिनांची दोन सॉकेटं पाहिजेत, एक मेनवर, एक यूपीएसवर. फोन ठेवून तो बाजूला झाला आणि खोक्यातला थर्माकोल उगाच खालीवर करू लागला.

छबी तेव्हा केस धूत होती. तिनं ओल्या हातानं ताईला फोन केला. ताई बाजारात होती. थोड्या वेळानं तळघरातला तोच फोन वाजला. वायफाय जागचा हलला नाही. फ्यूजनं येऊन उचलला. पलीकडून ताई म्हणाली की तुमच्या साडूला दोन सॉकेटं हवीत, जाड पिनांची, आणि दोन्ही वर.

"वर म्हणजे?" फ्यूजनं विचारलं.

"वर म्हणजे वर. एक वर आणि दुसरंही वर. मला काय कळतंय त्यातलं?"

फ्यूजनं एकदा छताकडे पाहिलं. मग गाडीतून जाड पिनांची सॉकेटं आणली, शिडी लावली, आणि छताला हात टेकेल एवढ्या उंचीवर भिंतीला भोकं पाडायला लागला. खाली वायफाय बघतच राहिला. त्याच्या केबली तिथवर निम्म्यासुद्धा पोचल्या नसत्या. हा माणूस मुद्दाम करतोय अशी त्याची खात्री झाली, आणि त्याचं डोकं फिरलं. करू दे काय करायचं ते, आपण आपलं काम करावं, असं ठरवून त्यानं जुन्या स्विचच्या केबलींना चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या उपसल्या आणि स्विच बंद केला. त्याच क्षणी भिंतीवरच्या फोनचा दिवाही विझला. तो फोन त्याच स्विचवर चालत होता. म्हणजे आता मध्ये बायका नव्हत्या.

जुना स्विच हलका होता, तो वायफायनं एकट्यानं काढला. नवी पेटी मात्र लहान फ्रीजएवढी होती. वजन कमी व्हावं म्हणून त्यानं तिच्यातली कार्डं, पंखे, पॉवरचे मॉड्यूल सगळं काढून चादरीवर मांडलं. तरी ती नुसती पेटीच एवढी जड की उचलायला दोन माणसं लावा, असं तिच्यावर चित्रच काढलेलं होतं. चित्रातली दोन माणसं एकमेकांकडे बघत होती. वायफायनं ते चित्र पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि एकट्यानंच पेटीला मिठी घातली.

गुडघ्यापर्यंत आली, छातीपर्यंत आली, एक कड रॅकमध्ये शिरलीसुद्धा. आणि तिथंच त्याच्या लक्षात आलं की पेटी जिच्यावर टेकवायची ती आधाराची पट्टी लावायची राहून गेली आहे, खोक्यातच आहे. दुसरी कड निसटायला लागली.

"भाऊ, धरा," तो म्हणाला.

फ्यूज शिडीवरून कसा उतरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पुढच्या श्वासाला तो पेटीच्या दुसऱ्या बाजूला होता आणि दोन्ही हात पेटीखाली होते. पेटी वाचली. पण आता दोघांनाही हात सोडता येईना. स्क्रू टेबलावर, पट्टी खोक्यात, आणि मध्ये पेटी धरून दोन साडू थेट चित्रातल्यासारखे एकमेकांकडे बघत उभे.

मग वायफायला राहवेना.

"तुम्ही ते बोर्ड छताला कशाला लावताय?"

"तूच सांगितलंस ना, दोन्ही वर."

"मी वर कधी म्हटलं? मेनवर म्हटलं. एक मेनवर, एक यूपीएसवर."

फ्यूज मनातल्या मनात ते दोनदा बोलून बघत असावा, कारण त्याचे ओठ हलले. मग त्याचं पोट हलायला लागलं. पोट पेटीला टेकलेलं होतं, त्यामुळे पेटीही हलायला लागली. वायफाय हसू नका, हसू नका म्हणत स्वतःच हसायला लागला. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

हसणं ओसरल्यावर फ्यूज म्हणाला की त्या दिवशी लोकांपुढे असं बोलायला नको होतं. वायफाय म्हणाला, प्लग मीच खोचले होते, बंबाचासुद्धा. त्यावर फ्यूजनं इतके दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला.

"ते हसलं कोण होतं रे?"

"तुम्हाला माहीत नाही? ताई."

"आमची?"

"तुमचीच."

फ्यूजनं या हसण्यासाठी दोन मेव्हणे, एक चुलत सासरे आणि शेजारचे डॉक्टर यांच्यावर संशय घेतला होता. डॉक्टरांकडे तर तो जायचाही बंद झाला होता. तो काही बोलणार तेवढ्यात ग्रंथपालबाई चहा घेऊन खाली आल्या. त्यांना आधी वाटलं, दोघे मारामारी करतायत. मग खरा प्रकार कळल्यावर त्यांनी चहा टेबलावर ठेवला, चष्मा सारखा केला, खोक्यातून पट्टी काढली आणि दोघे सांगतील तसा तिचा एकेक स्क्रू घट्ट पिळला. हातांना रग लागली होती, तरी दोघे एकदम सूचना करत होते, आणि त्या सूचना एकमेकांच्या विरुद्ध होत्या. बाई म्हणाल्या, एकानं बोला. तेव्हा फ्यूज म्हणाला, त्याचं ऐका, पेटी त्याची आहे.

मग पट्टी लागली, पेटी टेकली, आणि काम पळायला लागलं. फ्यूजनं छताजवळची सॉकेटं काढून रॅकच्या मागं लावली, एक मेनवर आणि एक यूपीएसवर. पेटीला अर्थिंगची हिरवी वायर जोडली आणि ती ओढून ओढून पाहिली. वायफायनं मनगटाला पट्टा बांधला, त्याचं टोक रॅकच्या लोखंडाला अडकवलं, म्हणजे अंगातल्या विजेनं कार्डाला चटका बसणार नाही. फ्यूजला ते फार पटलं. माणसाला अर्थिंग करायची कल्पना आपल्याला कशी सुचली नाही, असं तो म्हणाला, आणि घरी एकीला बांधायला एक पट्टा मागून घेतला. पंखे बसले, पॉवर बसली, कार्डं खाचांमधून सरकत जाऊन टकटक बसली. ज्या खाचा रिकाम्या राहिल्या त्यांवर वायफायनं झाकणं लावली, कारण उघड्या ठेवल्या तर हवा तिथूनच पळते आणि कार्डं तापतात.

बटण दाबल्यावर पंख्यांनी मोठा आवाज केला, मग ते शांत झाले. दिवे आधी पिवळे, मग एकेक हिरवे होत गेले. एका कार्डाचा मात्र लालच राहिला. वायफाय म्हणाला की ते नीट आत गेलेलं नाही, काढून पुन्हा बसवू. फ्यूजचा हात सवयीनं मेन बंद करायला गेला. चालू वस्तूत हात घालायचा नाही, हे तो आयुष्यभर पाळत आला होता. वायफायनं सांगितलं की हे कार्ड चालू पेटीतून काढायलाच केलेलं असतं, आणि मनगटावरचा पट्टा सोडून साडूच्या मनगटाला बांधला.

फ्यूजनं कार्डाच्या दोन्ही बाजूंचे खटके उघडले. श्वास धरून कार्ड ओढलं, डोळे मिटून पुन्हा आत ढकललं, आणि खटके बसल्याचा आवाज आल्यावरच डोळे उघडले. लाल दिवा पिवळा झाला, मग हिरवा. शेजारची कार्डं आपली लुकलुकत होती, जसं काही घडलंच नाही.

"आणखी एखादं काढायचंय का?" त्यानं विचारलं.

दुपारी ताई आणि छबी धापा टाकत तळघरात उतरल्या. किती वेळ फोन लागेना, तेव्हा दोघी घाबरल्या होत्या. आत पाहिलं तर एक साडू जमिनीवर मांडी घालून केबलींचे गठ्ठे बांधतोय आणि दुसरा त्याला गठ्ठा कसा बांधू नये ते सांगतोय, आणि दोघांचे आवाज चढलेले. छबी मध्ये पडायला निघाली, ताईनं तिला मागं ओढलं. हे भांडण नाही, हे तिला बरोबर कळलं.

फ्यूजनं वर पाहिलं आणि बायकोला एवढंच विचारलं की बाबांच्या पंचाहत्तरीला ती हसली होती का.

"हसू आलं, हसले," ताई म्हणाली. "तुम्ही स्टुलावर उभे होतात आणि शर्टाला मागून त्या प्रोजेक्टरच्या भिंगाचं झाकण अडकून लोंबत होतं. तुमच्या भांडणाकडे माझं लक्षही नव्हतं."

फ्यूजचा हात नकळत शर्टाच्या पाठीकडे गेला. छबी तर खाली बसून हसली.

शेवटची परीक्षा बाकी होती. ग्रंथपालबाई वर काउंटरवर जाऊन बसल्या, दोघी बहिणी जिन्यावर उभ्या राहिल्या, निरोप वर-खाली पोचवायला. वायफायनं मेनची केबल फ्यूजच्या हातात दिली. त्यानं ती उपटली. पेटीतले पंखे जरा जोरात घोंघावले, एक दिवा विझला, बाकी सगळं तसंच चालू राहिलं. जिन्यावरून निरोप आला की वर कॉम्प्युटरचे सगळे पडदे चालू आहेत आणि बाई पुस्तकं शोधतायत. फ्यूजनं केबल परत लावली, यूपीएसची उपटली. तरी काही झालं नाही. आपण वीज तोडतोय आणि कुणाचं काही अडत नाही, याची त्याला एवढी मौज वाटली की वायफायला शेवटी केबल त्याच्या हातातून काढून घ्यावी लागली.

पुढच्या महिन्यात एका शाळेत असंच काम निघालं. या वेळी नकाशा दोघांनी मिळून काढायचा ठरला, फ्यूजच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. ताईनं ताटं घेऊन दोनदा येऊन पाहिलं, टेबल काही रिकामं होईना. शेवटी बहिणी स्वयंपाकघरातच जेवल्या. बाहेर एकजण म्हणत होता की सॉकेट दाराच्या डावीकडे, आणि दुसरा म्हणत होता की डावीकडे, पण कुणाच्या डावीकडे ते आधी लिही.