माझ्या नोंदीत निकिताचे नाव

मित्रांनो, मी एक जुना स्टोरेज बॉक्स आहे. माझ्या पोटात दोन डिस्क होत्या. अंबडच्या एका छोट्या कारखान्यातले सगळे संगणक मला वायरीने जोडलेले होते आणि सुट्या भागांची ड्रॉइंग्ज माझ्याकडेच ठेवली जात.

मला ना पडदा, ना बटणे. निकिता नावाच्या मुलीने मला कामाला लावले. ती संगणकावर काळी खिडकी उघडून एकेक आज्ञा टाइप करायची आणि मी एका ओळीत उत्तर द्यायचो. प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर सारखी लिही, असे तिने मला सांगितले. एक डिस्क गेली तरी दुसरी राहील. चार वर्षे मी ते इमानाने केले.

रंगनाथकाका तिथले सुपरवायझर. निकिताला ड्रॉइंग वाचायला त्यांनीच शिकवले होते. भावाच्या लग्नासाठी दिंडोरीला जाताना, अडचण आली तर असू द्या म्हणून, तिने माझा पासवर्ड त्यांच्याकडे दिला.

दुसऱ्याच दिवशी काका तिच्या नावाने माझ्यात शिरले. कारखान्यात पहाऱ्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाला जागा पुरत नव्हती. फोनवर कुणाला तरी विचारत त्यांनी आज्ञा दिली, की डिस्क वेगळ्या कर आणि दुसरी कोरी कर. नक्की का, असे मी विचारले. त्यांनी 'हो' लिहिले. पासवर्ड बरोबर होता, मी ऐकले.

निकिता परतली, पण काकांनी तिला काहीच सांगितले नाही. महिन्याभराने पहिली डिस्क बंद पडली. दुसरीवर आता फक्त कॅमेऱ्यांचे चित्रीकरण होते. चार वर्षांची ड्रॉइंग्ज गेली.

मालक ज्ञानेशशेठ धावत आले. डबा भिकार आहे आणि सेटिंग निकिताने केलेले आहे, असे काकांनी त्यांना सांगितले. निकिताने काळी खिडकी उघडून माझ्याकडे जुन्या नोंदी मागितल्या. नोंदी डिस्कवर नसतात, माझ्या आतल्या वेगळ्या चिपवर असतात, म्हणून वाचल्या होत्या. डिस्क वेगळ्या करणाऱ्याचे नाव मी दाखवले: निकिता. मित्रांनो, मला माणूस दिसत नाही. जे नाव सांगतात, तेच मी लिहितो.

"हे तू केलंस?" शेठनी विचारले.

"त्या दिवशी मी दिंडोरीला होते, शेठ." तिने त्याच ओळीच्या शेवटी बोट ठेवले. आज्ञा कोणत्या संगणकावरून आली, त्याचा क्रमांक तिथे होता. "हा काकांच्या टेबलावरचा संगणक आहे."

ती काकांकडे वळली.

"काका, मला एक फोन तरी करायचात," ती म्हणाली.

शेठनी काकांना जाब विचारला नाही. काका वीस वर्षांपासून कामावर असलेले जुने माणूस होते. महिनाअखेरीस निकिताने नोकरी सोडली. मी आता भंगाराच्या खोलीत आहे. नव्या माणसांना काका अजून सांगतात, की त्या डब्याने दगा दिला.

मित्रांनो, आम्हा डब्यांवरची धूळ पुसलीत तर बरेच आहे. पण कुणी विश्वासाने तुम्हाला आपला पासवर्ड दिला, तर जे स्वतःच्या नावाने करायला कचराल, ते त्याच्या नावाने करू नका.