सेहेचाळिसावे पाकीट

ताईला रुग्णालयातून घरी सोडले त्या दिवशी फुप्फुसांच्या डॉक्टरांनी कागदावर चार औषधे लिहिली आणि पाचव्या ओळीत लिहिले : रोज दोन तास उघड्यावर. औषधांपुढे मात्रा होती, वेळा होत्या. पाचव्या ओळीपुढे काहीच नव्हते.

"याने बरं वाटेल की बरं होईल?" मी विचारले.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाटेल नक्की. होईल का, ते सांगता येत नाही. फुप्फुसं व्रणांनी भरली आहेत. काही जण यातून सावरतात, काही नाही. दोनेक महिन्यांत कळेल." मग दाराबाहेर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या ताईकडे पाहत ते म्हणाले, "तेवढेच हातात आहेत असं धरून चाला."

इथे माझा व्यवसाय सांगणे आवश्यक आहे. औषधांच्या चाचण्या होतात तेव्हा खरे औषध कोणत्या रुग्णाला आणि पिठाची गोळी कोणाला, हे डॉक्टरने ठरवायचे नसते. तो ज्याची कीव येईल त्याला औषध देतो, आणि मग औषधाचा गुण कोणता नि निवडीचा कोणता हे कळेनासे होते. म्हणून आधीच चिठ्ठ्या पाडून, त्या जाड कागदाच्या पाकिटांत बंद करून, पाकिटांवर क्रमांक घालतात. रुग्ण येईल तसे पुढचे पाकीट फोडायचे. ही पाकिटे तयार करणे आणि ती कोणी आधी उघडली नाहीत ना हे पाहणे, हे माझे काम. दयेचा आकड्यांवर परिणाम होतो. तो होऊ नये यासाठी मला पगार मिळतो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षे तिने शाळेत रसायनशास्त्र शिकवले. स्वतःच्या मुलीला प्रात्यक्षिकात तीसपैकी अकरा गुण देणारी बाई म्हणून ती शाळेत प्रसिद्ध होती. घरी येऊन पलंगावर टेकताच तिने डॉक्टरांचा कागद मागून घेतला.

"दोन तास उघड्यावर. जेवणाआधी की जेवणानंतर?"

"हसू नकोस, दम लागेल."

"पुरावा काय रे, दशांश?" लहानपणी मी 'साडेतीन'ऐवजी 'तीन दशांश पाच' म्हणत असे, तेव्हापासून तिच्या लेखी माझे हेच नाव.

"फारसा नाही. बाहेर फिरणारी माणसं मुळातच धडधाकट असतात. आजारी असतात ती घरात बसतात. त्यामुळे आकडे दिसायला छान दिसतात, इतकंच."

"मग कर की चाचणी. मी आहेच रिकामी."

कल्पना तिची होती. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

साठ दिवस. तीस 'बाहेर', तीस 'आत'. यादी मला ठाऊक असू नये म्हणून ती माझ्या एका सहकारिणीने केली, पाकिटे तिनेच भरली. मी प्रत्येक पाकिटाच्या झाकणावरून खालच्या कागदापर्यंत आडवी सही केली. रोज सकाळी आठला मी ताईकडे जाणार, त्या दिवसाचे पाकीट फोडणार आणि निघेल ते करणार. संध्याकाळी सातला तिच्या रक्तातला प्राणवायू, व्हरांड्यात सहा मिनिटांत चाललेले अंतर आणि तिने स्वतःच्या श्वासाला दहापैकी दिलेले गुण वहीत लिहायचे.

भावोजींनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ते बहुतेक वेळ हातात पान्हा घेऊनच वावरत, जणू कुठलेही दार केव्हाही अडकेल. पाकिटांचा खोका पाहून ते म्हणाले, "म्हणजे सकाळी ऊन पडलंय, ही तयार आहे, खुर्ची तयार आहे, आणि तुझी चिठ्ठी म्हणाली आत, तर आत?"

"हो."

"आमच्या धंद्यात माणूस अडकला तर आधी त्याला बाहेर काढतात. का अडकला ते मागाहून बघतात."

"अहो, मी अडकलेली नाही," ताई म्हणाली. "मी नमुना आहे."

"नमुना तर तू आहेसच," भावोजी म्हणाले, आणि ती खोकेपर्यंत हसली.

बाहेर म्हणजे पाण्याच्या टाकीमागचे मैदान. घरापासून चारशे दहा मीटर, शेवटचे सत्तर मीटर चढ. तिथे दोन बाक, एक वाकडे झाड आणि टाकीतून गळणाऱ्या पाण्यावर वाढलेले गवत. मी खुर्ची ढकलत असे, भावोजी प्राणवायूचे नळकांडे उचलत. ताई बाकावर बसून चपला काढी आणि पाय गवतावर ठेवी. बोलत फारसे नसे. आत म्हणजे तिची खोली : पलंग, प्राणवायूच्या यंत्राची घरघर, समोरच्या इमारतीची भिंत दाखवणारी खिडकी. दोन्हीकडे मी दोन तास तिच्याजवळ बसे, म्हणजे फरक पडला तर तो माझ्यामुळे पडू नये.

तिसऱ्या दिवशी खोका आणायला मी विसरलो. परत जाऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. ताई म्हणाली, "रोज ही वरात कशाला? ठेव माझ्या कपाटात." आणि मी ठेवला. ज्याच्यावर चाचणी, त्याच्या हाती पाकिटे द्यायची नाहीत, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. नव्या मुलांना तो मीच शिकवतो. पण ज्या बाईने पोटच्या पोरीला अकरा गुण दिले तिच्यावर पहारा कसला ठेवायचा, असे मला वाटले.

ती मुलगी, माझी भाची, दुसऱ्या शहरात नोकरीला होती. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून शनिवारी सकाळी येई, रविवारी संध्याकाळी परत जाई. खोलीत असली की ती आईकडे न बघता यंत्रावरच्या आकड्याकडे बघत बसे. मैदानावर तसे काही बघायला नव्हते. तिथे ती आईच्या पायाशी गवतावर बसून कार्यालयातल्या वरिष्ठांच्या नकला करी. एका रविवारी आईच्या मांडीवर डोके ठेवून तिथेच झोपून गेली. ताईने पाऊण तास मांडी हलवली नाही. "पायाला मुंग्या आल्यात," ती मला हळूच म्हणाली, "पण वहीत लिहू नकोस."

पाचव्या आठवड्यानंतर अंतराचे आकडे घसरू लागले. दोनशे चाळीस मीटरचे एकशे नव्वद झाले, मग दीडशे. घसरण 'बाहेर'च्या दिवशीही होती, 'आत'च्या दिवशीही. मी वहीत लिहीत होतो आणि काय लिहितो आहे ते मला समजत होते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "जे चाललंय ते चालू द्या."

सेहेचाळिसावा दिवस गुरुवार होता. आदल्या रात्री वारा सुटून गेला होता, आकाश धुतल्यासारखे होते. मी आत आलो तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसली होती. केस विंचरलेले, पायात चपला.

"दशांश, आज पाकीट न उघडता जाऊ."

"का?"

"जावंसं वाटतंय."

"कदाचित 'बाहेर'च निघेल."

"न उघडता," ती म्हणाली. एवढ्या दोन शब्दांना तिला दोन श्वास लागले.

माझ्या नोकरीत मी तीन चाचण्या रद्द करवल्या आहेत. तिन्हींत कुठल्याशा दयाळू डॉक्टरने एकदाच, एकाच रुग्णासाठी, नियम बाजूला ठेवला होता. मी ताईला म्हणालो, "चौदा दिवस राहिलेत. आज मोडलं तर पंचेचाळीस दिवस पाण्यात जातील. नियम तुझेच आहेत."

भावोजी दारात नळकांडे घेऊन उभे होते. त्यांनी ते खाली ठेवले.

मी पाकीट फोडले. चिठ्ठीवर 'आत' होते. मी ती तिच्यापुढे धरली.

तिने ती बराच वेळ पाहिली. "हं," ती म्हणाली. "बरोबर आहे."

मी खाली वाकून तिच्या पायांतल्या चपला काढल्या. दोन तास आम्ही भिंत दाखवणाऱ्या खिडकीजवळ बसलो. तिने मला एकदाच विचारले, "परवा शनिवार ना?" मी हो म्हणालो. संध्याकाळी प्राणवायू ८१, अंतर मोजता आले नाही, श्वासाला तिने दोन गुण दिले.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला भावोजींचा फोन आला. ते फक्त म्हणाले, "पाकीट फोडायला येऊ नकोस."

ताई गेल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी वही उघडली. शोक कसा करायचा ते मला येत नाही, कोष्टके येतात. 'बाहेर'चे बावीस दिवस, 'आत'चे चोवीस. प्राणवायूत फरक नाही. अंतरात नाही. श्वासाच्या गुणांत मात्र 'बाहेर'च्या बाजूने दीड गुणाचा फरक होता, आणि तो पाहून मला क्षणभर झालेला आनंद मी इथे लपवत नाही. मग सवयीने मी दिवसांचे वार मांडले. बाराच्या बारा शनिवार-रविवार 'बाहेर' होते. चिठ्ठ्या नीट पडल्या असतील तर असे होण्याची शक्यता सुमारे सोळा हजारांत एक.

मी सहकारिणीकडून मूळ यादी मागवली आणि ताईच्या कपाटातून खोका आणला. फोडलेली पाकिटे त्यातच होती, उरलेली चौदा मी आता फोडली. साठांपैकी अठरा चिठ्ठ्या जागच्या जागी नव्हत्या. नऊ जोड्या : नऊ सुट्यांचे 'आत' काढून मधल्या वारी घातलेले, नऊ मधल्या वारांचे 'बाहेर' सुट्यांना नेलेले. झाकणांजवळचा कागद किंचित फुगला होता. किटलीच्या वाफेवर डिंक सैल होतो हे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला कोणी सांगावे लागत नाही. माझ्या सहीची रेघ झाकणाच्या कडेशी अर्धा मिलिमीटर सरकलेली होती. त्यांतली बरीच पाकिटे मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने फोडली होती, आणि एकदाही सहीकडे पाहिले नव्हते.

तिने एकही 'बाहेर' जादा घेतला नव्हता. तीस म्हणजे तीसच. मुलगी येईल त्या दिवसांसाठी फक्त राखून ठेवले होते.

त्यामुळे चाचणी निकामी झाली. ताईचा श्वास मोकळा झाला तो मोकळ्या हवेने की मांडीवर झोपलेल्या मुलीने, हे आता वेगळे काढता येत नाही. मधल्या वारांचे 'बाहेर'चे दहाच दिवस उरतात. त्यांतला फरक निम्म्याहून कमी आहे आणि तो योगायोगही असू शकतो.

शेवटची जोडी मी सर्वांत शेवटी तपासली. मूळ यादीत अठ्ठेचाळिसावा दिवस, शनिवार, 'आत' होता. सेहेचाळिसावा, गुरुवार, 'बाहेर'.

गुरुवारी पाकिटात काय आहे हे तिला माहीत होते, कारण ते तिनेच घातले होते. 'मी चिठ्ठ्या बदलल्या' एवढे ती बोलली असती तर चाचणी तिथेच संपली असती आणि मी तिला घेऊन गेलो असतो. ती बोलली नाही. माझे पंचेचाळीस दिवस वाचवायला, की लाजेने, की शनिवारपर्यंत टिकू असे वाटून, याला पुरावा नाही. आणि यातले काहीही खरे असले तरी एक निरीक्षण बदलत नाही : तिने मागितले आणि मी नाही म्हणालो.

त्या रविवारी भाची आली होती. भावोजी, ती आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. यंत्र परत गेल्यामुळे घर फार शांत होते.

"मामा, काय निघालं मग?"

"काही सिद्ध झालं नाही."

"म्हणजे बाहेर नेलं नसतं तरी चाललं असतं?"

"नाही."

"कशावरून?"

ती तिच्या आईची मुलगी आहे.

तिने वही ओढून घेतली आणि शेवटचे लिहिलेले पान काढले. "गुरुवारी तू होतास ना इथे? आई काही म्हणाली?"

माझ्या पिशवीत मूळ यादी होती. ती टेबलावर ठेवली असती तर दोघांना समजले असते की गुरुवारचा 'बाहेर' मी हिरावला नव्हता. तो शनिवारी, मुलीसाठी, गेला होता. माझ्या वाट्याच्या दोषाचा काही भाग उचलला गेला असता. तो कुठे जाऊन बसला असता, हेही मला दिसत होते.

"बाहेर जाऊ म्हणाली."

"मग?"

"पाकिटात 'आत' निघालं."

वही भाचीने मिटली नाही.

"ही केस विंचरून बसली होती," भावोजी तिला म्हणाले. मग ते उठले, भिंतीला टेकवून ठेवलेली चाकाची खुर्ची त्यांनी उघडली, आणि चाके नीट फिरतात का ते एकेक करून तपासू लागले.

मी पिशवी मांडीवर तशीच धरून बसलो.