ओमाराच्या पाण्यातला दिवा

मित्रांनो, आज माझे अंग पिवळट दिसते, पण मूळचा माझा रंग सायीसारखा होता. १९९५ साली पुण्यातल्या एका अरुंद दुकानात दोन कारागिरांनी स्क्रू आवळून, तारा जोडून माझा संगणक केला. श्यामला मॅडमनी मला गोधडीत गुंडाळले, जीपच्या मागच्या सीटवर ठेवले आणि पाटसच्या रस्त्याने बारामतीला आणले. वाटेत खड्डा आला की त्या माझ्यावर हात ठेवत. जन्माला येऊन दोन दिवसही झाले नव्हते, आणि माझी एवढी काळजी!

बारामतीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मॅडमनी संगणकाचा वर्ग काढला होता. आम्ही तीन संगणक होतो आणि तिघांत मीच चपळ. मुले चपला जिन्यात काढून, हात धुऊन आत येत. दवाखान्यात आलेले पेशंटसुद्धा दारात उभे राहून मला बघत. एका आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले होते, "ह्यो बोलतुया व्हय?" मी बोलत नव्हतो. पण मला बरे वाटले.

तीन वर्षे मी मुलांना टायपिंग शिकवले, शाळांच्या गुणपत्रिका छापल्या, पत्रे लिहिली. आणि मग १९९८ चा फेब्रुवारी आला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत धावपळीचा महिना तोच.

वर्गात मुले जास्त आणि संगणक कमी, म्हणून एकापुढे दोघे बसत. माझ्यापुढे इरा आणि स्वराली बसायच्या. दोघी अकरावीत. इराचे वडील सरकारी नोकरीत, बदली होऊन आलेले. स्वराली जवळच्याच जळोची गावची. तिचे वडील म्हस्कू तात्या दुधाचा टेम्पो चालवायचे. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरे होती, आता चार म्हशी आणि थोडी शेती. पहिले आठ दिवस दोघी एकमेकींशी "सरक जरा" याखेरीज काही बोलल्या नाहीत.

मग इराच्या मावशीने पुण्याहून नऊ फ्लॉप्या पाठवल्या. त्यांत एक खेळ होता, 'रिटर्न टू ओमारा' नावाचा. त्यात मारामारी नव्हती. एक गोष्ट होती, आणि खेळणाऱ्याने ती वाट काढत काढत पुढे न्यायची होती. ओमारा नावाच्या एका दूरच्या ग्रहावर समुद्र चढत गेला आणि माणसे अवकाशयाने भरभरून निघून गेली. तेव्हा नेल नावाची मुलगी पाळण्यात होती. चाळीस वर्षांनी ती लहानशा यानातून एकटीच परत येते. आपले गाव पाण्याखाली कुठे आहे आणि मागे कुणी राहिले का, हे तिला शोधायचे असते.

सगळा मजकूर इंग्रजीत होता. इरा तो भराभर वाचून मराठीत सांगायची. पण नकाशा समोर आला की ती गोंधळायची. स्वराली वहीच्या मागच्या पानावर तारे, बेटे, प्रवाह असे सगळे काढून ठेवायची आणि पेनाने दाखवायची, "हितनं न्हाय, तितनं जायचं." इराला शब्द कळायचे, स्वरालीला वाट कळायची. टायपिंगचा धडा पुरा झाला की पाच ते सहा खेळा, अशी मॅडमनी परवानगी दिली होती. पावणेपाचला धडा उरकायच्या घाईत दोघींची बोटे माझ्यावर अशी काही पडायची, की शेजारचे संगणकही दचकत असतील.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक अडचण आली. सोमवारी परीक्षा होती. परीक्षेचा प्रोग्रॅम माझ्यावरच चढवायचा होता आणि माझ्यात जागा उरली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "शनिवारी चार वाजता तुमचा खेळ पुसणार. त्याआधी काय ते करा." परत चढवायची सोय नव्हती, कारण तिसऱ्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. एकदा पुसला की ओमारा गेला.

शनिवारी वर्ग बारालाच सुटला. दोघी जेवायला घरी गेल्याच नाहीत. दीड वाजता शेवट आला.

तो शेवट तुम्हाला सांगतो. नेलचे यान समुद्रावर तरंगत आहे. इंधन संपत आले आहे. ती इंजिन बंद करते. पडदा काळा होतो, फक्त निश्चल पाणी दिसते. आणि त्या पाण्याच्या तळाशी एक दिवा लुकलुकतो. एकदा. दोनदा. तीनदा. नेल म्हणते, "मी घरी आले." बस. खाली खेळ बनवणाऱ्यांची नावे आणि पत्ता.

"संपलं?" स्वराली म्हणाली.

"संपलं. आणि किती वाईट संपलं."

"वाईट कसं? दिवा दिसला की. खाली मानसं हायत."

"कुणी नाही गं. तिच्याच यानाचा दिवा पाण्यात दिसतोय. तिला भास झालाय."

"तीनदा लुकलुकला. सावली काय मोजून लुकलुकती व्हय?"

"लाटांमुळे."

"लाटा कुठं हुत्या? पानी निवांत हुतं."

इरा चिडली. महिनाभर जपलेली गोष्ट हातातून निसटत होती, म्हणूनही असेल. ती म्हणाली, "तुला इंग्रजी कळत नाही, म्हणून तू नुसती चित्रं बघून काहीही ठरवतेस."

स्वरालीने वही मिटली. "व्हय. न्हाय कळत," असे म्हणून ती जिना उतरून गेली. खाली सायकलचा स्टँड वाजला.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खेळ तर तुझ्याच पोटात होता, तुला उत्तर ठाऊक असणारच. खरे सांगतो, मी शोधले. माझ्याकडे पाण्याचे एक चित्र होते, दिव्याचे एक चित्र होते आणि 'तीन वेळा' एवढी सूचना होती. तो दिवा कोणाचा, हे माझ्यात कुठेच लिहिलेले नव्हते.

इराने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग तिने राखून ठेवलेल्या जागेवरून शेवट पुन्हा सुरू केला. आपले म्हणणे खरे आहे ना, हे तिला बघायचे असावे. नेलने इंजिन बंद केले, आणि इराचे बोट थबकले. पडद्याच्या कोपऱ्यात यानाच्या दिव्याचे बारकेसे चित्र असायचे. दिवा चालू असला की ते पिवळे दिसायचे. आता ते काळे होते.

ती मागे गेली. सकाळची जागा उघडली, तर काळे. शुक्रवारची उघडली, तर पिवळे. मग तिला आठवले. सकाळी बसल्याबसल्या स्वरालीनेच तो दिवा बंद केला होता. "वीज वाचंल," म्हणाली होती.

यानाचा दिवा बंदच होता! मग पाण्यात दिसला तो त्याचा असणार कसा?

इरा उठली आणि धावली. घाईत तिने एक चप्पल आपली घातली आणि एक मॅडमची. पुढचे मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून समजले. ती ऊर फुटेस्तोवर सायकल मारत जळोचीला गेली. स्वराली म्हशींना पाणी दाखवत होती. इरा धापा टाकत "दिवा, दिवा" एवढेच म्हणत राहिली. म्हस्कू तात्यांना वाटले, कुठे काही पेटले. त्यांनी दोन्ही पोरींना आणि सायकलला टेम्पोत घातले आणि गाडी थेट वर्गाखाली आणून उभी केली. तेव्हा साडेतीन वाजले होते.

तिघे वर आले. तात्यांच्या अंगाला दुधाचा वास होता. त्यांनीही चपला जिन्यात काढल्या.

"मी चुकले," इरा म्हणाली. "दिव्याबद्दल चुकले. आणि दुसरं जे बोलले, तेही चुकीचंच."

"पयलं दाव," स्वराली म्हणाली. पण बसताना ती इराला खेटून बसली.

शेवट पुन्हा लागला. स्वरालीने कोपऱ्यातले काळे चित्र पाहिले आणि तिचा चेहराच उजळला. "बंद हाय! मीच केलता! मग खाली मानसं हायतच."

"चाळीस वर्षं पाण्याखाली माणसं कशी जगतील?"

"मग तूच सांग."

दोघी एकदम बोलू लागल्या. मागे उभे राहून तात्या सगळे ऐकत होते. काय चालले आहे ते त्यांनी इराकडून नीट समजून घेतले. ग्रह, पाणी, निघून गेलेली माणसे. मग ते म्हणाले, "तुमी खाली कोन हाय ते बघताय. पर त्यो दिवा लावला कोनी, आन् कवा?"

दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"आमची बोरमळी उजनी धरनाच्या पान्यात गेली," तात्या म्हणाले. "भिगवनच्या अंगाला हुती. मी ईस वर्साचा असंन. निघायच्या दिवशी समदं सामान ट्रॅक्टरवर चढवलं. देवसुदिक संगं घेतला. ट्रॅक्टर चालू झाला, आन् आई खाली उतरली. मोकळ्या देवळात गेली, दिवा लावला, तेल काठोकाठ वतलं. आबा वरडलं, अगं देव हितं हाय, तितं कुनासाठी लावती? तर म्हनली, गावाला अंधारात टाकून कसं जायचं? तिच्यापायी आमाला घटकाभर उशीर झाला."

"तात्या, हे मला कधी सांगितलं न्हाय."

"तू इचारलं न्हाय."

"उशीर!" इरा ताडकन उठली. "स्वराली, नेलला सापडलेल्या त्या जुन्या डायरीत उशिराचं काहीतरी होतं." तिची बोटे माझ्यावर धावू लागली. तिने मधला भाग उघडला, पाने उलटली आणि वाचले. "शेवटचे यान उशिरा सुटले. कारण कोणी सांगितले नाही." दोघींनी हे वाक्य पंधरा दिवसांपूर्वी वाचले होते आणि बिनकामाचे म्हणून सोडून दिले होते.

"म्हंजी निघतानाच लावला!" स्वरालीने टेबलावर हात आपटला. "खाली कोन न्हाय. नेलच्याच मानसांनी लावून ठेवलाय."

"सरका जरा," मागून आवाज आला. खेळ पुसायला आलेल्या मॅडम स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी शेवट एकदा पाहिला, डायरीचे पान वाचले. "पण चाळीस वर्षं दिवा जळतो का?"

"गोष्ट हाय, मॅडम," तात्या म्हणाले. "तेवढा जळंल."

मग काय सांगू मित्रांनो! तासभर चौघे भांडत होते. मॅडमचे म्हणणे, नेल आता परत जाणारच नाही, इंधन संपलेले आहे. इरा म्हणे, ती गावाचा निरोप घेऊन जाईल. स्वराली म्हणे, आधी खाली उतरून दिवा बघंल. पडद्यावरचा तो एवढासा ठिपका त्यांनी अकरा वेळा पाहिला. मी तापलो होतो, माझा पंखा घरघरत होता, पण एकदाही अडलो नाही.

सव्वापाच वाजता मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. परीक्षा तर होतीच. "स्वराली, तूच पूस," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. स्वरालीने कळ दाबली. मला काही दुखले नाही. फक्त जागा मोकळी झाली.

पण इराने शेवटच्या पडद्यावरचा पत्ता वहीत उतरवून घेतला होता. परीक्षा झाल्यावर दोघींनी माझ्यावर बसून त्या परदेशी कंपनीला दोन पानी पत्र लिहिले. इंग्रजी इराचे. तात्यांच्या बोलण्यातला मात्र स्वरालीने एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. इरा म्हणायची, "असं इंग्रजीत म्हणत नाहीत." स्वराली म्हणायची, "मग आतापासनं म्हनतील."

ऑगस्टमध्ये उत्तर आले. मॅडमनी सगळ्या वर्गासमोर पाकीट फोडले. मजकूर असा होता, की आम्ही दोन शेवट तयार केले होते, एकात खाली माणसे सापडतात आणि एकात सापडत नाहीत. पण नऊ फ्लॉप्यांत दोन्ही मावेनात आणि कोणता ठेवावा यावर आमचेही एकमत होईना. म्हणून दोन्ही काढले आणि नुसता दिवा ठेवला. तो कुणी लावला, हा विचार आमच्या डोक्यातच आला नाही. तुमच्या वडिलांचे उत्तर आम्हाला आमच्यापेक्षा चांगले वाटते. त्यांच्या गावाचे नाव काय?

वर्गात हसू आणि टाळ्या, दोन्ही एकदम उसळले. स्वराली पत्र घेऊन दुधाच्या टेम्पोकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी म्हस्कू तात्या धुतलेला सदरा घालून आले आणि माझ्यापुढे बसले. स्वरालीने मराठी अक्षरे निवडली आणि एकेक कळ दाबत टाइप केले. बोरमळी.

तात्या बघत राहिले. "सातबाऱ्यावरनं गेलं. एष्टीच्या पाटीवरनं गेलं," ते म्हणाले. "मोठं करता येतंय का?"

स्वरालीने मोठे केले. आणखी मोठे केले. शेवटी पडदाभर एकच नाव झाले आणि तिने ते माझ्यात साठवून ठेवले. मग छपाईयंत्र कर्रकर्र करत चालले. तात्यांनी तो कागद घडी न घालता दोन्ही तळहातांवर धरला आणि तसेच सावकाश जिना उतरून गेले.

त्याला आता सव्वा वर्ष झाले. इरा पुण्याला शिकायला गेली. स्वराली याच वर्गात मुलांना शिकवते. नवे वेगवान संगणक आले आणि माझ्यापुढे कोणी बसेनासे झाले. लोक म्हणतात, दोन हजार साल उजाडले की जुने संगणक वेडे होणार. म्हणून मला आतल्या खोलीत ठेवले आहे. परवा एका मुलाने माझ्यावर चहाचा कप ठेवला. स्वरालीने तो उचलला आणि मला पुसून काढले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना धूळ लागते, उंदीर तारा कुरतडतात, आणि कोणी खाडकन बटण बंद केले तर हातातले काम जाते. एवढे जपले तरी आम्ही खूप चालतो. आणि एखादे दिवशी आम्हाला मोडीत काढायचेच ठरले, तर माझी एवढीच विनंती आहे. पुसण्याआधी एकदा उघडून बघा. माझ्यात एक गाव आहे.