पेटणारं हिरवं पाणी

फट्ट! बाटलीच्या तोंडाशी जाळ उडाला आणि शाळेच्या पटांगणातली दीडशे माणसं एकदम ओरडली. म्हाताऱ्यांनी दुआ पुटपुटत तोंडावरून हात फिरवले, बायका रडायला लागल्या. सिर दर्या नदीकाठचं आमचं गाव भात पिकवतं. खाचरातलं हिरवं शेवाळ आम्ही जन्मभर बुटाने बाजूला सारलं, आणि आता त्याच्याच पाण्यासाठी रांग लागली होती.

"जे पाणी पेटतं ते रोग जाळतं!" पांढरी टोपी घातलेला सागिंदिक गर्जत होता. "सांधे, पोट, साखर, सासूची नजर, सगळं खाक! माझ्या सात पिढ्यांमागच्या आजोबांनी स्वप्नात येऊन सांगितलंय!"

हा गडी गेल्या वर्षापर्यंत शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. तेव्हा आजोबांना त्याचा पत्ता सापडत नव्हता वाटतं! पेटवायची बाटली वेगळी आणि प्यायला द्यायची बादली वेगळी, हेही कुणाला खटकत नव्हतं.

मी अल्माटीहून धावत आलो होतो ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी. तिला मी आपा म्हणतो. तिची दहा वर्षांची मुलगी तोगझान इन्सुलिनवर आहे, आणि आपाने फोनवर सांगितलं होतं, पाणी मिळालं की सुई बंद.

"अगं आपा, वेड लागलंय का तुला? सुई थांबली तर चार दिवसांत पोर हातची जाईल!"

"रोज चार वेळा टोचते मी तिला. चार वेळा! तू टोचतोस? आणि पाणी पेटतं हे मला सागिंदिकने नाही दाखवलं, भाऊराया. तू दाखवलंस. याच पटांगणात."

ते खरं होतं.

चौदा वर्षं मी प्रयोगशाळेत याच जातीच्या शेवाळाकडून हायड्रोजन, म्हणजे पेटणारा वायू, काढतोय. ते देतं, पण कसं? उन्हात ठेवा, नायट्रोजनवाचून उपाशी ठेवा, मग चिमूटभर देतं. त्यातला निम्मा स्वतःच परत गिळतं, आणि उन्हात जो प्राणवायू सोडतं त्यानेच त्याचं हायड्रोजनचं यंत्र बंद पडतं. आम्ही त्याची ती गिळायची खोड मोडली. उत्पन्न तिप्पट झालं. तिप्पट म्हणजे तीन चिमटी!

गेल्या वसंतात मी त्या शेवाळाची बाटली शाळेत आणली. दोन दिवस उन्हात ठेवून नखाएवढा बुडबुडा जमला. समोर मुलं, हेडमास्तर, आणि पहिल्या रांगेत नवा रुमाल बांधून बसलेली आपा. माझी मलाच लाज वाटली. पडद्यामागे जाऊन मी बाटलीत कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचे तुकडे टाकले; ते पाण्यात पडले की पाणी तापतं आणि हायड्रोजन भसाभस सुटतो. फट्ट! टाळ्यांचा कडकडाट. पोरांना गोडी लागावी म्हणून केलं, असं मी वर्षभर स्वतःला समजावत होतो. लबाड कुठला! मागून कचरा काढायला सागिंदिक होता, आणि त्याने ते उरलेले तुकडे बघितले.

एवढ्यात तोगझानने जाऊन सागिंदिकच्या बाटलीला हात लावला. "अय्या मामा, ही तर चहाच्या किटलीसारखी तापलीय!"

"आजोबांचं तेज आहे ते, पोरी!"

"तेज नाही, सोडा आहे," मी पुढे झालो. "एवढ्या उष्णतेत शेवाळ शिजून मरेल. आणि त्याला ऊन लागतं. टाक बाटलीवर कोट, बघू कसा गॅस थांबतो ते!"

सागिंदिक हसला. "मग तुमची बाटली का तापली होती, शास्त्रज्ञसाहेब? मी उचलली होती ती. हात पोळला होता माझा."

अजूनही खोटं बोलता आलं असतं. पण तोगझान माझ्याकडे बघत होती.

"कारण मीही तुम्हाला फसवलं होतं," मी म्हणालो. "हा माझ्याकडूनच शिकलाय."

मी एका बाटलीत शाळेच्या नळाचं स्वच्छ पाणी घेतलं, सागिंदिकच्याच पिशवीतला सोडा टाकला, तार टाकली, वरून माझा कोट पांघरला. मिनिटभराने कोट काढून काडी लावली. फट्ट! शेवाळाचा एक तंतूही नव्हता त्यात. रांग हळूहळू मोडली. सागिंदिकने बादली उचलली आणि मान खाली घालून निघाला. मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

"म्हणजे दोघंही?" आपाने विचारलं.

"हो आपा. आधी मी."

तिने हातातलं हिरवं पाणी मातीत ओतलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. जेवायची वेळ झाली होती. तिने पिशवीतून सुई काढून माझ्या हातात दिली.

"आज तू टोच."

मी सुईचं टोपण काढलं. "मामा, कातडी चिमटीत धर," तोगझाननेच शिकवलं. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. तेवढ्यात माझेच भरून आले.

तेव्हा बाबांनो, पाणी पेटवून दाखवणारा पांढऱ्या टोपीतला असो की पांढऱ्या कोटातला, आधी बाटलीला हात लावा. झाकायला सांगा. पडद्यामागे काय आहे ते बघा. येत्या वसंतात मी खरी बाटली घेऊन येणार आहे. दोन दिवसांत नखाएवढा बुडबुडा येईल आणि जाळबीळ काही उडणार नाही. तरी तो खरा आहे, आणि माझ्यावर विश्वास न ठेवता तुम्ही तो स्वतः तपासून घ्या.