राखेत निवलेला पाईप

मी एक जुना पाईप आहे. पाण्याचा नव्हे, धुराचा. मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळले की जो तापलेला धूर निघतो, तो बाहेर नेण्याचे काम माझे. मला चार तोंडे आणि एक शेपूट आहे. चार तोंडांनी धूर घ्यायचा आणि शेपटीने मागे सोडायचा, एवढाच माझा व्यवसाय. शहरातले मिस्त्री मला मॅनिफोल्ड म्हणतात. आर्वीत मला सगळे चारतोंड्या म्हणत. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. ब्रह्मदेवालाही चारच तोंडे आहेत.

माझी गाडी साधीसुधी नव्हती. दोनच माणसांची, बुटकी, बिनटपाची, लाल रंगाची विलायती शर्यतीची गाडी होती ती. तिचे दोन गोल दिवे पाहून बाजारातल्या बायका तिला बेडकी म्हणत. आर्वीच्या एका जिनिंग कारखान्याचे मॅनेजर प्रभाकरराव तिचे मालक. रोज सकाळी कपाशीने भरलेल्या बैलबंड्यांच्या रांगेजवळून ते बेडकी उडवत कारखान्यात जात. बैल माना वळवून बघत आणि गाडीवान हसत.

१९७४ साली बेडकीचा मूळचा विलायती पाईप तडकला. त्या काळी परदेशी सुटे भाग सहजासहजी मिळत नसत. गाडीचा ड्रायव्हर तानबा नागपूरला गेला आणि बाजारातून एक चकचकीत पाईप घेऊन आला. त्यात तोंड पाहून भांग पाडता येत होता. तानबाने खरोखरच पाडला. महिनाभरात तो पाईप आधी निळा पडला, मग पिवळा, आणि मग त्याला बोटभर भोक पडले. मित्रांनो, पाईप घेताना लोक त्याची चकाकी बघतात. हातात घेऊन वजन बघत नाहीत, पत्रा किती जाड आहे ते बघत नाहीत, सांधा तर कोणीच बघत नाही.

तळेगावच्या रस्त्याला कडुनिंबाखाली डोमाजी लोहाराचे दुकान होते. वीस वर्षे त्याने बंडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवली. धाव म्हणजे लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा. गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात तो लाल करायचा, चाकावर बसवायचा आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि लाकडाला घट्ट आवळून धरते. या कामात डोमाजीचा हात धरणारा कोणी नव्हता. पण आता बंड्यांना रबरी टायर आले होते. आठवड्यात एखादे चाक दुकानी येई, कधी तेही येत नसे. म्हणून त्याने गॅसच्या वेल्डिंगचे सामान आणले होते. सामान आले, पण काम येईना. लोहाराकडून वेल्डिंग करून घ्यायला लोक कचरत होते.

एक दिवस प्रभाकरराव स्वतः दुकानात आले.

"डोमाजी, कारखान्यात बॉयलरच्या जुन्या नळ्या पडून हायेत. चांगल्या जाड हायेत. त्याचा पाईप बनवतं का?"

"बनवतो न साहेब."

"हंगामभर टिकला पाह्यजे. टिकला त कारखान्यातल्या वाफेच्या पाईपायचं काम दरसालचं तुले. नाई टिकला त मंग माह्याजवळ येजो नोको."

डोमाजीची बायको पंचफुला भात्यावर बसली होती. हे बोलणे ऐकून तिचा हात क्षणभर थांबला. दरसालचे काम म्हणजे दुकान चालू राहणार होते. नाहीतर पुढच्या पोळ्याच्या आत ते बंद करून मजुरीला जावे लागणार होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

तेव्हा जो पाईप झाला तो मी नव्हे. तो माझा थोरला भाऊ. पंचफुलाने नदीची वाळू तव्यावर भाजून कोरडी केली, डोमाजीने ती नळ्यांत ठासून भरली. वाळू भरलेली नळी वाकवताना चेपत नाही. मग चार नळ्या वाकवल्या, एकीत एक जोडल्या, आणि सांधे लालबुंद असतानाच वीस वर्षांच्या सवयीने डोमाजीने वरून बादलीभर पाणी ओतले. छन्न आवाज झाला, वाफ उठली. डोमाजी समाधानाने मिशीला हात लावून बसला.

थोरला भाऊ दिसायला देखणा होता. पण आष्टीच्या बाजारात, ऐन गर्दीत, तो सांध्याशी तडकला. बेडकी अशी काही बोंबलली की बैल बुजले, एक बंडी भाजीच्या ढिगावर चढली आणि भाजीवाल्या बायकांनी प्रभाकररावांच्या सात पिढ्यांची आठवण काढली. आर्वीला परत येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक गावाला कळले की डोमाजीचा पाईप फुटला.

"लोहारानं बंडीच पाहावं," तानबा दुकानासमोर गाडी उभी करून मोठ्याने म्हणाला.

प्रभाकरराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "सोमवारी तानबा नागपूरले पाईप आणाले जाईन. तोवर दुसरा बनवतं त बनव."

डोमाजी फुटका पाईप मांडीवर घेऊन बसला. नळी आणखी जाड हवी होती, असे त्याचे मत पडले. पंचफुलाने पाईप त्याच्या हातातून घेतला आणि तड्यावरून बोट फिरवले.

"काऊन जी, नळी त कुठंच फुटली नाई. सांध्याच्या बाजूलेच फुटून राह्यली."

"मंग?"

"तुमी पानी काऊन ओतता?"

"काऊन म्हंजे? धावीवर नाई ओतत का?"

"धावीच्या आत लाकूड असते. लाकडाले आवळाले पानी लागते. याच्या आत लाकूड कुठं हाय?"

डोमाजीने पाईप तिच्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, "तू भाता हालव."

मित्रांनो, त्याला ते पटले होते. पटले होते म्हणूनच तो असा बोलला. वीस वर्षांची सवय बायकोने दोन वाक्यांत खोटी पाडली की माणसाला दुसरे काय सुचणार?

रविवारी माझा जन्म झाला. माझी चार तोंडे जोडून झाली, सांधे लाल होते, आणि डोमाजीचा हात आपोआप बादलीकडे गेला. बादली तिथे नव्हती. पंचफुलाने ती उचलून कडुनिंबाच्या मुळाशी रिकामी केली होती. डोमाजी तिच्याकडे बघत राहिला, तिने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तिने फावड्याने गोवऱ्यांची कोमट राख ओढली आणि मला त्यात पुरले. माझा पहिला दिवस मी त्या राखेत काढला. घाई नव्हती, हिसका नव्हता. एकदम पाणी पडले की लाल सांधा आकसून ठिसूळ होतो; मी मात्र हळूहळू निवत गेलो. आजही मला आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे तास वाटतात.

सोमवारी मला बाहेर काढले तेव्हा मी भुरकट, खरखरीत आणि बेढब होतो. तानबा नागपूरच्या एसटीला निघाला होता, तो मला पाहून हसला. प्रभाकररावांनी मात्र मला दोन्ही हातांनी उचलले. जड आहे म्हणाले. मग इंजिनाला टेकणारी पट्टी त्यांनी सरळ काचेवर ठेवून पाहिली, कुठे फट दिसत नव्हती. सांध्यावरून नख फिरवले, कुठे अडले नाही. शेवटी पान्याने ठोकले. मी देवळातल्या घंटेसारखा वाजलो.

"बस, हाच लाव," ते म्हणाले. तानबाचे तिकीट वाया गेले.

पूर्ण हंगामभर मी चाललो. आष्टीला गेलो, वर्ध्याला गेलो, बोरगाव मेघेच्या खड्ड्यांत आपटलो. पुलगावच्या रस्त्यावर बेडकीने एका जीपला मागे टाकले, तेव्हा मी तापून लाल झालो होतो, पण तडकलो नाही. लोक डोमाजीला रस्त्यात थांबवून शाबासकी देत. तो मान हलवी. पंचफुला भात्यावर असे. मला हे खटकत असे, पण पाईपला कोण विचारतो?

चैत्रात हंगाम संपला. प्रभाकररावांनी मला उतरवायला लावून बॅटरीच्या उजेडात आतून-बाहेरून तपासले. केसाएवढाही तडा नव्हता. ते मला घेऊन दुकानात आले. कारखान्यात शिरायच्या पाससाठी नाव लिहायला कारकून सोबत होता, तानबाही होता, आणि चार गाडीवान उगीचच उभे होते.

"डोमाजी, जिंकला तू. वाफेचे पाईप आता तुह्ये. डोकं हाय तुह्यं!"

सगळे डोमाजीकडे बघत होते. त्याने हातातला हातोडा खाली ठेवला.

"साहेब, हात माह्ये हायेत. डोकं हिचं हाय. मी पानी ओतत होतो, हिनं बादली सांडली."

गाडीवान हसले. तानबाही हसला. डोमाजी हसला नाही.

"खरं सांगून राह्यलो. मले पाच मह्यने बोलता नाई आलं."

कारकून खोळंबला. "मग पासवर नाव कोणाचं लिहू?"

"दोघायचं लिहा," डोमाजी म्हणाला.

पंचफुलाने पदर डोळ्यांना लावला. मग ती उठली, भात्याचा दांडा डोमाजीच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या, आता तुमी हालवा. मी पाईप पाह्यते."

मित्रांनो, पुढे बारा वर्षे मी बेडकीला जोडलेला होतो. प्रभाकरराव निवृत्त झाले, बेडकी ताडपत्रीखाली गेली. १९८७ साली नागपूरचे एक शौकीन गृहस्थ तिला घेऊन गेले. त्यांना मूळचा विलायती पाईप मिळाला होता, म्हणून त्यांनी मला काढून डोमाजीच्या दुकानी परत पाठवले. आता मी कडुनिंबाखाली भंगारात असतो. पाऊस येतो, गंज चढतो. माझी त्याबद्दल फारशी तक्रार नाही, लोखंडाचे असेच व्हायचे.

तुम्ही कधी तळेगावच्या रस्त्याने गेलात, तर माझ्यावरून तेलाच्या चिंधीचा एक हात फिरवा. आणि हा पाईप कोणी बनवला असे कोणी विचारले, तर कृपा करून दोन नावे सांगा.