खोकल्यासकट

पैज लागली ती सकाळी सकाळी, चौकातल्या पानठेल्यावर.

"धर्मपालभाऊ, तुमची मंडळी व्हिएतनामी गानं म्हनन?" गजेंद्रनं मिशीला पीळ देत विचारलं. "तुमाले मराठीत ताल सापडत नाई!"

"म्हनू ना. काहून नाई?" धर्मपाल म्हणाला. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर, आता विहारातल्या गायन मंडळाचा म्होरक्या.

"एक जागा चुकली, तर भर बसस्टँडवर 'गजेंद्र शायना, आमी येडे' म्हनून ओरडाचं. नाई चुकली, तर माही मिशी सफा, ह्याच चौकात."

ठेल्यावरचे सगळे हसले. गाणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लिएनताई ही व्हिएतनामहून आलेली भिक्खुणी. अमरावतीतल्या त्या विहारात चार वर्षं राहिली, गल्लीतल्या पोरांना शिकवलं, भाकर थापायला शिकली. गेल्या महिन्यात छातीच्या दुखण्यानं गेली. जाण्याआधी तिनं आपल्या आईचं एक गाणं मंडळातल्या सुंदराबाईंच्या फोनात गाऊन ठेवलं. "मले न्याले घरचं कोनी आलं, तर हे म्हना," म्हणाली. सुंदराबाईंनी हो म्हटलं. आता रविवारी तिची बहीण अस्थी न्यायला येणार होती.

रोज संध्याकाळी चौदा जण बसायचे. कागद नाही, काही नाही. म्होरक्यानं ओळ सोडायची, बाकीच्यांनी हरकतीसकट जशीच्या तशी उचलायची, ही मंडळाची रीत. ह्या वेळी म्होरक्या होता फोन. व्हिएतनामीत अक्षर एकच, पण आवाज चढला की एक अर्थ, उतरला की दुसरा.

"काका, आवाज वर न्या, मंग खाली सोडा," शाळेतली पिंकी मास्तरीण सांगायची.

"अवं, हा काय विहिरीतला पोहरा हाये?"

मंडळाचा ढोलकीवाला मोतीराम खास अकोल्याहून ढोलकी घेऊन आला. गाण्याला ठेका बसेना, तेव्हा ती मांडीवर घेऊन नुसता गायला लागला.

तिसऱ्या ओळीशी फोनात लिएनताई दोनदा खोकली होती. मंडळानं तेही उचललं. चौदा जण एका वेळी, एका सुरात, खुक् खुक्. खिडकीशी उभ्या गजेंद्रनं तोंडात रुमाल कोंबला. खोकला गाण्यातला नाही, हे कोणाला बोलला नाही. पैज खिशातच आली होती त्याच्या.

शनिवारी सुंदराबाईंनी त्याला फाटकाशी गाठलं. "गजेंद्र, तू बायेरचा हायेस, तुले बराबर दिसन. चुकून तं नाई राहिलो न आमी? मरत्या मानसाले हो म्हनलं मी."

"नाई काकू. मस्त चाललं."



रविवारी खोकल्याचं सांगून टाकायचं ठरवून तो लवकर विहारात गेला. पाहतो तर बहीण आधीच येऊन कलशासमोर बसलेली, ताठ, कोरड्या डोळ्यांची. गाणं सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी. गजेंद्रनं दाराची चौकट धरली.

खुक् खुक्.

बहिणीनं मान वर केली. एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग छातीवर हात ठेवून ती तशीच खोकली, दोनदा, आणि तिचा बांध फुटला. रडतरडत इंग्रजीत काहीतरी बोलली.

"लहानपनापासून ताईचा दम ह्याच ओळीवर तुटे, खोकला ये म्हनते," पिंकीनं सांगितलं. "अजून एकडाव म्हना म्हनते. अस्संच."

मंडळानं पुन्हा म्हटलं. त्या जागेवर दारातून गजेंद्रही खोकला.

बाहेर आल्यावर धर्मपालनं त्याचा दंड धरला. "खोकला गान्यातला नवता. तुले मालूम होतं न बे?"

"होतं."

"मंग मी हारलो. जातो स्टँडवर."

"गुपचूप राहा, भाऊ. कोनती जागा चुकली? मले तं नाई दिसली."

तो सरळ चौकात गेला आणि झाडाखालच्या सहदेव न्हाव्याच्या खुर्चीत बसला. रविवारची गर्दी जमली. मंडळही आलं, सुंदराबाईंच्या शेजारी कलश घेतलेली ती बहीण.

"पुरी?" सहदेवनं विचारलं.

"पुरी."

वस्तरा फिरला. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी टाळी दिली नाही.

"हसा न लेकहो," गजेंद्र म्हणाला, "पैज हारलो मी."